आईंना टीबी निघाला, मग पोरांचं काय? येरवड्यातून एक अनुभव

मुलीचा टीबीचा कोर्स सप्टेंबरअखेर संपला. मधल्या काळात रात्र रात्र मोबाईलवर मराठीत शोधत बसायचे, लहान मुलांचा टीबी कसा ओळखतात, नळी घालतात म्हणजे काय करतात, धडधाकट पोराला पण गोळ्या का देतात. सापडायचं ते एकतर सरकारी पोस्टर नाहीतर मोठ्या माणसांबद्दलचं. म्हणून जसं झालं तसं लिहितेय. मी ब्लाऊज शिवते, डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्या किती ते इथलं बघून कुणी ठरवू नका, मुलांचा डोस वजनावर असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

आम्ही येरवड्यात लक्ष्मीनगरला राहतो, दोन खोल्या आहेत, खिडकी एकाच खोलीला. मी, मिस्टर (चाकणला कंपनीत ठेक्यावर, सुट्टी म्हणजे खाडा), मुलगा सात वर्षांचा, मुलगी तेव्हा सव्वातीनची आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई. दोन्ही पोरं झोपायला आईंच्याच अंथरुणात, तिथं जागेवरून रोज भांडणं.

आईंना २०२४ च्या दिवाळीपासून खोकला होता. त्यांना शुगर आहे आणि मशेरीची सवय आहे, त्यामुळं सगळ्यांनी मशेरीवर खापर फोडलं, त्यांनी स्वतः पण. मला शंका आली ती ब्लाऊजमुळं. फेब्रुवारीत एका लग्नासाठी त्यांनी जुना ब्लाऊज बारीक करायला दिला तर दोन्ही बाजूंनी चांगली दोन दोन बोटं आत घ्यावी लागली. एवढं वजन कुठं गेलं? शुगरनं पण उतरतं म्हणा, पण सोबत खोकला आणि संध्याकाळची कसर. मग महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. बेडक्याचे दोन नमुने मागितले, एक तिथल्या तिथं आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या खाकरून डबीत आणायचा. सीबीनॅट नावाच्या मशीनवर तपासणी झाली, पॉझिटिव्ह, पण रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडणार होतं, म्हणजे साधा टीबी. ३ मार्चला त्यांच्या गोळ्या चालू झाल्या.

आम्हाला वाटलं झालं, कळलं एकदाचं, आता सहा महिने गोळ्या की संपलं. पण रजिस्टर भरताना तिथल्या टीबीचं काम बघणाऱ्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, घरात पाच वर्षांच्या आतलं कोण आहे? नंतर त्या घरी येऊन गेल्या. कोण कुठं झोपतं, खिडकी उघडी असते का, पोरांना ताप, खोकला, जेवण कसं, खेळतात का. खेळतात का या प्रश्नावर मी थांबले. मुलगी डिसेंबरपासून मधेच खेळणं सोडून पायरीवर बसून राहायची, आम्ही म्हणायचो किरकिरी झालीय.

तिला ताप येऊन जाऊन होता. जवळच्या एका खासगी दवाखान्यात जानेवारीपासून चकरा चालू होत्या, दर वेळी अँटिबायोटिक, खोकल्याचं सिरप, "वातावरण बदललंय". एकूण चार हजारांच्या आसपास गेले असतील. चार दिवस बरं वाटायचं, परत तेच. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही, गर्दीच तेवढी असते, पण घरात कुणाला खोकला आहे का हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढ्या सगळ्यातून मला कळलं ते इतकंच, की लहान मुलाचा टीबी शोधायचा तर आधी त्याच्या आजूबाजूची मोठी माणसं बघायची. मुलाला तो जवळपास नेहमी मोठ्या माणसाकडूनच येतो, आणि मुलाचा खोकला मोठ्यांसारखा खणखणीत असेलच असं नाही.

ताईंनी वजनाची नोंद मागितली. माझ्याकडं खासगीच्या चिठ्ठ्या होत्या, त्यावर वजन कुठंच लिहिलेलं नव्हतं. नोंद मिळाली ती अंगणवाडीत. सेविकाबाईंनी रजिस्टर काढलं, ऑक्टोबरला ११.१, जानेवारीला ११.३, मार्चला ११.२. तक्त्यावर ती रेघ सपाट चाललेली आणि हिरव्या पट्ट्यातून पिवळ्याकडं कललेली. घरात रोज डोळ्यासमोर असलेलं पोर वाळतंय हे दिसत नाही, कागदावर दिसतं. त्या पानाचा फोटो काढून घेतला, आणि पुढं प्रत्येक डॉक्टरांनी तो आवर्जून बघितला. तुमच्या मुलाचं माता बाल संरक्षण कार्ड असेल तर ते पहिलं शोधून पिशवीत टाका.

मी ताईंना म्हटलं, हिला बीसीजी दिलीय की, दंडावर वण आहे. तर त्या म्हणाल्या बीसीजीनं टीबी होतच नाही असं नाही, लहानपणी होणारा मेंदूचा आणि अंगभर पसरणारा टीबी, त्याच्यापासून ती चांगलं संरक्षण देते. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलात जंतू शिरला तर आजार व्हायची शक्यता मोठ्यांपेक्षा खूप जास्त, तोही बहुतेक वेळा वर्षभराच्या आत, म्हणून ही मुलं आधी बघायची असतात.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. १२ मार्चला, बुधवारी गेलो. छातीचा फोटो काढायला अर्धा दिवस गेला, एक्सरेचं मशीन एक आणि रांग बाहेरच्या पोर्चपर्यंत. पाणी, बिस्किटं आणि पोराला गुंतवायला काहीतरी घेऊनच जा. फोटोत फुफ्फुसाच्या मुळाशी गाठी सुजल्यासारख्या दिसतायत म्हणाले. मग मँटू टेस्ट लिहून दिली, टीबीचा जंतू अंगात शिरलाय का ते बघायची सुई, तर सिस्टर म्हणाल्या आज नाही करता येणार. ही सुई टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते आणि शुक्रवारी धुळवड, पुढं शनिवार रविवार. सोमवारी या. मला तेव्हा रागच आला, ह्यांचा खाडा फुकट गेला, पण बाई बरोबर होत्या, वेळ चुकली तर सगळं परत करायला लागतं. सोमवारी किंवा मंगळवारी गेलेलं बरं, आणि पंचांगात सुट्ट्या बघून जा.

१७ मार्चला सोमवारी टोचली. हाताच्या आतल्या बाजूला कातडीतच बारीक सुई, मुगाएवढा फुगा येतो आणि थोड्या वेळानं बसतो. चोळायचं नाही, काही लावायचं नाही. बुधवारी वाचायची होती आणि नेमकी रंगपंचमी, गल्लीतली पोरं पिचकाऱ्या घेऊन आणि ही बाही वर करून दारात उभी, सगळ्यांना हात दाखवत. डॉक्टरांनी लाल किती झालंय ते नाही बघितलं, बोटानं चाचपून टणक भाग कुठून कुठपर्यंत आहे ते बॉलपेननं आखलं आणि पट्टी लावली. १६ मिलिमीटर. दहाच्या पुढं पॉझिटिव्ह धरतात. मी जन्मभर इंची टेप धरलेली बाई, पण त्या दिवशी त्या पट्टीकडं बघताना पोटात खड्डा पडला. पॉझिटिव्ह म्हणजे जंतू अंगात शिरलाय, आजार झालाच आहे असं नुसत्या मँटूवरून म्हणत नाहीत, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं.

आता सगळ्यात अवघड भाग. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळून टाकतात. म्हणून तो पोटातून काढायचा. त्यासाठी ॲडमिट केलं आणि दोन दिवस लागोपाठ पहाटे नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढलं. रात्रीपासून उपाशी ठेवायचं, आणि सकाळी मूल अंथरुणातून उठायच्या, चालायच्या आधी घ्यायचं, कारण रात्रभर गिळलेलं तेव्हाच पोटात साठलेलं असतं. आदल्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या मुलाला बिस्किटाचा पुडा दिसला आणि हिनं हट्ट धरला, तेव्हा मला पुडा लपवायला त्याच्या आईच्या पाया पडायची वेळ आली. सकाळी मिस्टरांनी पाय धरले, मी डोकं, सिस्टरनी जेलीसारखं काहीतरी लावून नळी सरकवली. रडली, ओकारी आली, माझा हात चावली. पण खरं सांगते, दोन चार मिनिटांचं काम आहे. सिरिंजमधे पिवळट पाणी आलं, ते लगेच लॅबला पळवलं कारण पोटातल्या ॲसिडमधे जंतू टिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला माहीत होतं काय होणार ते, त्यामुळं तो दिवस जास्त वाईट.

नंतर कळलं की मुलांच्या शीवरून पण हीच सीबीनॅट मशीनची तपासणी करता येते, जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारस केलीय. आम्हाला ती सोय मिळाली नाही, पण तुम्ही विचारून बघा, निदान नळीआधी एकदा तरी विचारा.

रिपोर्ट आला निगेटिव्ह. मिस्टर तिथंच म्हणाले चला घरी. मलाही हायसं वाटलं होतं. डॉक्टर मॅडमनी बसा म्हटलं. त्यांचं म्हणणं, मुलांमधे जंतू मुळातच थोडे असतात, मशीनला सापडले तर सापडले, टीबी असलेल्या कितीतरी मुलांचा रिपोर्ट निगेटिव्हच येतो. "घरात पॉझिटिव्ह पेशंट आहे, मँटू सोळा, फोटोत गाठी, वजन चार पाच महिने हललेलं नाही, अँटिबायोटिक देऊन झालेत. मी हिला अशी सोडणार नाही." निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबीच्या पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद असते तिथं, पण अशी नोंद वेगळी करतात, रिपोर्टवरून नाही तर डॉक्टरांच्या निदानावरून झालेला टीबी म्हणून. कुणाला या जागी रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून घरी पाठवत असतील तर वरची पाचही कारणं परत एकदा विचारून घ्या. एचआयव्हीची टेस्ट पण केली, ऐकून आम्ही दोघं गारठलो, पण टीबीच्या सगळ्या पेशंटची करतात, त्यात संशय वगैरे काही नसतो.

औषध चालू झालं ते २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिन. दवाखान्यात रांगोळी, फुगे, शाळेच्या पोरांची रॅली आणि एक मोठा फलक, १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉकनं टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. फोटो काढायची गडबड चाललेली आणि गोळ्यांच्या खिडकीवर कुणीच नाही. भाषणं होईपर्यंत आम्ही आपले फुगे मोजत बसलो.

गोळ्या मुलांच्या वेगळ्या असतात, पाण्यात विरघळणाऱ्या. एका गोळीत तीन औषधं आणि चौथ्याची वेगळी गोळी. तिच्या वजनाला दोन अधिक दोन. सकाळी उपाशीपोटी, उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात विरघळवून चमच्यानं. पाणी जास्त घेतलं तर पोर अर्ध्यात तोंड फिरवतं आणि उरलेलं वाया, म्हणून थोडंच घ्या, आणि वाटी परत चमचाभर पाण्यानं विसळून ते पण पाजा, तळाला बरंच राहतं. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली, हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी रिक्षा करून पळाले असते. उलटी झाली तर किती वेळानं झाली ते बघून ताईंना फोन करायचा, परत द्यायचं का ते त्या सांगायच्या. डोळे पिवळे, जेवण एकदम बंद, सारखी उलटी असं असेल तर फोनवर थांबायचं नाही, थेट जायचं. शंका आली की १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे, मी वापरलाय.

आजारी मुलीच्या गोळ्यांवरून घरात कुणी एक शब्द काढला नाही. खरं रामायण झालं मुलाच्या गोळ्यांवरून. त्याला काही नव्हतं, ताप नाही, फोटो स्वच्छ, दिवसभर गल्लीत क्रिकेट. ताई म्हणाल्या त्याला प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या, आणि तुम्हा दोघांना पण. मिस्टर ऐकेनात. चांगल्या पोराला टीबीच्या गोळ्या कशाला, लिव्हर खराब होईल, उद्या शाळेत कळलं तर. नणंदबाईंनी फोनवर आणखी तेल ओतलं. मी ताईंना परत घरी बोलावलं, मिस्टरांची सेकंड शिफ्ट होती तेव्हा, म्हणजे सकाळी सापडतील. त्या बसल्या आणि सावकाश सांगितलं, हा पण आजीच्या कुशीतच झोपत होता ना, जंतू अंगात झोपून राहू शकतो, आता त्याला मारायला औषध थोडं लागतं, उठला तर तुमच्या मुलीएवढं लागेल. तिला नळी घालताना पाय मिस्टरांनीच धरले होते. ते काही बोलले नाहीत, आधार कार्ड आणून दिलं.

आम्हा तिघांना आठवड्यातून एकदा, बारा आठवडे असा कोर्स मिळाला, त्याला थ्री एचपी म्हणतात. काही ठिकाणी सहा महिने रोजची एक गोळी देतात, जे उपलब्ध असेल ते. या गोळ्या एकावेळी मूठभर असतात, मुलाला ते बघूनच रडू यायचं. आम्ही रविवार धरला, आधी पोहे पोटभर आणि मग तिघांनी ओळीत बसून घ्यायच्या. सोबत बी सिक्स व्हिटॅमिनची गोळी. शाळेच्या दिवशी ठेवू नका, त्या दिवशी थोडं मळमळतं, अंग जड वाटतं. कालनिर्णयवर त्याच्या हातानं फुली मारायला द्यायचे, त्यामुळं एकही रविवार चुकला नाही. ६ एप्रिलला, रामनवमीला सुरू केलं, जूनमधे पालख्यांच्या दिवसांत शेवटचा डोस झाला.

आईंचं वेगळंच चाललेलं. पहिले काही आठवडे त्यांना खिडकीच्या खोलीत एकटं झोपवलं, मास्क दिला. मुलगी रात्री आजीकडं जायला रडायची आणि आतून आई रडायच्या, माझ्यामुळं झालं म्हणून. मी काय बोलणार, मलाही रडू यायचं. मेमधे त्यांचा बेडका निगेटिव्ह आला तेव्हा डॉक्टरांना विचारून परत एकत्र झोपायला दिलं. मुलीपासून मात्र कुणाला धोका नव्हता, एवढ्या लहान मुलांचा असा टीबी सहसा पसरत नाही, अंगणवाडीत जाऊ दे म्हणाले. गेली. सेविकाबाईंना सगळं माहीत होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि तिला खिचडी वाढताना हात आखडला नाही.

पैशाचं. तपासण्या, गोळ्या सगळं मोफत, आमचा खर्च झाला तो रिक्षा, बस, बाहेरचं खाणं आणि पडलेले खाडे. निक्षय पोषण या सरकारी योजनेमधे आजारी माणसाला महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), म्हणजे आई आणि मुलगी दोघींना, प्रतिबंधक गोळ्यावाल्यांना नाही. मुलीचं खातं नव्हतं म्हणून माझं दिलं, तर माझ्या खात्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. शेवटी पोस्टात नवीन खातं काढलं. तीन हजारांचा पहिला हप्ता आला तो जुलैमधे. तोपर्यंत अंडी, शेंगदाणे, गूळ हे आपलं आपण. पैसे येणारच नाहीत असं समजून हिशोब करा, आले की बरं वाटतं. आणि निक्षय आयडीचा नंबर मोबाईलमधे ठेवा, प्रत्येक खिडकीवर तोच मागतात.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करायचं, कारण डोस त्यावर बदलतो. मेअखेर ती १२ च्या वर गेली आणि दोनाच्या तीन गोळ्या झाल्या, मला तर पेढे वाटावेसे वाटले. कोर्स सुरू झाल्यापासून दोन महिन्यांनी एक औषध बंद होऊन उरलेली तीन पुढं चार महिने. पावसाळ्यात एकदा केंद्रावर मुलांच्या गोळ्या कमी पडल्या, थोड्याच दिवसांच्या हातात दिल्या आणि परत या म्हणाले. तेव्हापासून संपायच्या चार पाच दिवस आधीच जायला लागले.

राहिलं नणंदबाईंचं. त्यांची पोरं भोसरीला असतात, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत आमच्याकडं राहून गेलेली, आईंच्याच खोलीत. मी ताईंना त्यांचा पत्ता सांगितला. तिकडून त्यांच्या दारात माणूस गेला तेव्हा जे काही मला ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. पोरांची तपासणी झाली, दोघंही ठीक आहेत. नणंदबाई माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. चालेल.

सप्टेंबरअखेर परत फोटो काढला, गाठी बसल्यात, वजन १३.२. आता दर सहा महिन्यांनी दोन वर्षं दाखवायचंय, पुढची तारीख मार्चअखेरची. फाईलमधे अंगणवाडीच्या पानाचा फोटो, मँटूचा आकडा, डिस्चार्ज कार्ड, गोळ्या संपल्याचा कागद असं सगळं लावून ठेवलंय. एक्सरेची फिल्म मात्र गुंडाळून ठेवू नका, पावसाळी हवेत चिकटते आणि परत उलगडताना खराब होते. मी गादीखाली सपाट ठेवलीय.